सत्यभामाकाकूंची सरकती ताडपत्री

भिलईच्या कोहका वस्तीत आमच्या घराला लागून काळबांड्यांचं घर. पुंडलिकराव काळबांडे प्लांटात, म्हणजे पोलादाच्या कारखान्यात, रिगर होते. रिगर म्हणजे अवजड यंत्रं साखळ्या-कप्प्यांनी उचलायची, सरकवायची आणि बसवायची तिथे बरोबर बसवायची, असं काम. पण कोहका-सुपेल्यात कुणाला ‘काळबांडे कुठे राहतात’ विचारलं तर माणूस क्षणभर थांबायचा आणि म्हणायचा, ‘हां, काकूंचं घर!’ मग हात धरून आणून सोडायचा.

त्या काकू म्हणजे सत्यभामाबाई. मूळच्या आर्वीच्या. लग्न होऊन भिलईला आल्या तेव्हा सेक्टरांतले रस्ते नुसते आखलेले होते म्हणे. वर्धा, अमरावती, यवतमाळकडची पोरं प्लांटात भरती होऊन यायची, एकेका खोलीत चौघं-पाचजण राहायची आणि कँटीनचा भात खाऊन कंटाळायची. पुंडलिकरावांनी एकदा त्यांतल्या दोघांना जेवायला आणलं. ते दोघं पुढे कितीजण झाले याचा हिशेब काकूंनाही नव्हता. त्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं, पण त्याबद्दल त्या बोलत नसत आणि कुणी हळहळलेलं त्यांना खपत नसे. भाकरी, वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर बोलणी. कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय पाटावर बसू द्यायच्या नाहीत. गावी आईला पैसे पाठवले का, दाढी का वाढवली, ती पॉवर हाऊस वस्तीतली मुलगी कोण, सगळं विचारायच्या. मोठमोठे झालेले, पोराबाळांचे बाप असलेले लोक रस्त्यात काकू दिसल्या की सायकलवरून उतरायचे.

आणि स्वतः कशा राहायच्या! उजाडायच्या आत आंघोळ, नऊवारी लुगडं, अंबाडा, ठसठशीत कुंकू. दूधवाल्याकडून दूध घ्यायलासुद्धा पदर सारखा केल्याशिवाय फाटकाशी यायच्या नाहीत. मी शेजारी राहून त्यांना मोकळ्या केसांत पाहिलं ते एकदम त्या दिवशीच.

संक्रांत जवळ आली होती. अंगणात तीळ निवडत बसल्या होत्या आणि सूप हातातून पडलं. उजवी बाजू गेली. जीव वाचला, डोकं शाबूत राहिलं, पण बोलणं जड झालं. एक शब्द यायचा, मग दम खाऊन दुसरा. मात्र जो यायचा तो बरोबर जागेवर पडायचा. पाय थोडा थोडा हलायला लागला, हात मात्र पडूनच होता.

डॉक्टरांनी पुंडलिकरावांना बसवून नीट समजावलं होतं. एक दिवसाआड हॉस्पिटलात आणायचं, व्यायाम करून घ्यायचे. हात जो काही परत येईल तो याच दोन-चार महिन्यांत. नाही आणलं तर आहे तसा आखडून बसेल, मग काही करता येणार नाही.

आता न्यायचं कसं हा प्रश्न. रिक्षात त्या घसरायच्या. ओळखीतल्या एका साहेबांची अ‍ॅम्बॅसॅडर आली, तर गुडघा वाकेना, दारातूनच परत आणावं लागलं. राहिली पुंडलिकरावांची पिकअप. रिटायर झाल्यावर त्यांनी ती जुनी घेतली होती. कोहक्यात तेव्हा घरामागून घर उठत होतं. चौकटी, कपाटं, पाण्याच्या टाक्या असलं काय काय ते वाहायचे. मागचा हौदा उघडा. त्यांनी तो धुऊन काढला, गादी घातलेली बाज काकूंसकट आम्ही चौघांनी उचलून आत ठेवली आणि निघालो. मी सोबतीला बाजेशेजारी.

जाताना काही झालं नाही. येताना मात्र नेमकी पहिली पाळी सुटली आणि सुपेल्याचं रेल्वे फाटक बंद.

ज्यांनी ते फाटक तेव्हा पाहिलंय त्यांना सांगायला नको. सायकलीला सायकल चिकटून माणसं उभी. आमची पिकअप त्यांच्या मधोमध. सायकलवर बसलेल्या माणसाला हौद्यातलं सगळं वरून दिसतं. आधी एकाने पाहिलं, मग त्याने दुसऱ्याला सांगितलं. ‘अरे, काकू.’ कुणी मोठ्याने बोललं नाही. टोपी हातात घेऊन नुसते पाहत राहिले. काकू गाऊनमध्ये होत्या, लुगडं नेसवणं तेव्हा शक्य नव्हतं. घसरू नयेत म्हणून बाजेला बांधलेल्या पट्ट्याखाली डावा हात अडकला होता. पदर ओढून घ्यायला पदरही नव्हता आणि हातही नव्हता. त्यांनी डोळे मिटून घेतले. मालगाडी मोठी होती, संपता संपेना.

त्यानंतर त्या जाईनात.

पुंडलिकरावांनी विनवलं, रागावले, एक दिवस जेवले नाहीत. काकूंचं एकच, “मले नाई जायचं.” का नाही विचारलं, की तोंड भिंतीकडे. मी रोज सकाळी त्यांची वेणी घालायला जायचे, तेव्हा एकदा म्हणाल्या, “त्या पोरायनं... मले... असं पाह्यलं.” एवढंच. मी फणी फिरवत राहिले.

मी पुंडलिकरावांना जाऊन सांगितलं. ते ओट्यावर बसले होते. पिकअपकडे पाहत म्हणाले, “मंग झाकन पाह्यजे, सूनबाई.”

झाकण कसलं घ्यावं यावर मग आठवडाभर आमच्या गल्लीत खल चालला. पॉवर हाऊसला गाड्यांची बॉडी बांधणारा एकजण होता, तो म्हणाला, पत्र्याची बंद बॉडी करून देतो, मागे दार, आत बल्ब. पुंडलिकराव तसली एक पाहून आले आणि नकारार्थी मान हलवली. “चैत्र येऊन राहिला. टिनाच्या डब्यात घातली तं भाजून निघन ना ते.” दुसऱ्याने कमानी टाकून ट्रकसारखी काळी तिरपाल बांधायची सुचवली. ती चारी बाजूंनी दोरांनी आवळावी लागते, आत काळोख आणि रबराचा वास. आमच्या ह्यांनी खिडक्यांना लावतात तसे वाळ्याचे तट्टे सुचवले. त्यावर पुंडलिकरावांनी, साहेब, ती माणूस आहे, कूलर नाही, असं ऐकवलं.

शेवटी त्यांनी प्लांटातल्या माणसासारखा विचार केला. ऊन परतवायचं तर पांढरा रंग. हवा खेळायची तर कापड जाड पण सुती. उडू नये म्हणून कमानींवर ताणून पक्कं शिवलेलं, मागच्या फाळक्याशी दोन बोटं फट. तागा ते घेऊन आले, कडा मी माझ्या मशीनवर मारल्या. काम सुरेख झालं, सुरकुती म्हणून नव्हती. काकूंना दाखवलं नाही. पुंडलिकराव म्हणाले, निघायच्या दिवशीच दाखवू, तिचा जीव हरखून जाईल. आत बसल्यावर बाहेरचं कुणी पाहू शकणार नाही, एवढं सांगितल्यावर काकू कशाबशा तयार झाल्या.

आता नवी वस्तू म्हटल्यावर पूजा आलीच. प्लांटात साधा नवा पंप सुरू करायचा तरी नारळ फुटतो. पुंडलिकरावांनी कापडाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, झेंडूचे दोन लांब हार मागच्या बाजूला कमानीवरून सोडले आणि उदबत्त्यांचा जुडगा पुढे बॉनेटजवळ खोचला. स्वतः धुतलेलं पांढरं धोतर, पांढरा सदरा. मी उन्हासाठी डोक्यावरून पदर घेतला. काकूंची बाज आत गेली, मी फाळक्याजवळ बसले. काकूंना धक्का लागू नये म्हणून पुंडलिकराव गाडी अगदी सावकाश चालवत होते.

सुपेल्याच्या बाजारात लोक बाजूला होऊ लागले. मला बरं वाटलं. एक भाजीवाली उठून उभी राहिली. पुढे एकाने सायकल स्टँडवर लावली आणि चप्पल काढली. फाटक बंद होतं, पण गर्दीने आपण होऊन आम्हाला पार पुढे जाऊ दिलं. घंटी नाही, हॉर्न नाही. मी फटीतून पाहिलं तर माणसं डोक्यावरून हेल्मेट उतरवत होती. एका म्हाताऱ्याने हात कपाळाला लावला आणि माझ्याकडे इतक्या करुणेने पाहिलं, की मी नकळत त्याला मान लववली. तोवर माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

काकू बाजेवर कुशीवर होत्या. त्यांचाही डोळा त्या फटीला होता.

“माधवी,” त्या म्हणाल्या. “मी... मेली का?”

मी आजूबाजूला पाहिलं. मागे झेंडू लोंबत होते, उदबत्तीचा धूर पुढून आत येत होता, वर पांढरं कापड.

“लोकं... हात जोडून राहिले.”

त्यांच्या तोंडाची एक बाजू थरथरायला लागली. डोळ्यांतून पाणी. मी घाबरले, हात धरला. त्यांनी तो झटकला आणि तोंड उशीत खुपसलं, तेव्हा खांदा ज्या तऱ्हेने उडत होता त्यावरून कळलं की त्या हसत होत्या. अर्ध्या तोंडाने हसण्याची सवय त्यांनाही नव्हती आणि मलाही ते ओळखता येत नव्हतं. मग मीही फुटले. मी हसते आहे हे बाहेर दिसू नये म्हणून पदर तोंडावर धरला, तर एका बाईने बाहेरून म्हटलं, ‘धीरज धरो, बहन.’ त्याने तर आमची आणखीच वाट लागली.

हॉस्पिटलच्या दारात पुंडलिकराव खुशीत उतरले. “आज पब्लिक लय समजदार झाली वो,” ते म्हणाले. “रोज घंट्या वाजवू वाजवू डोकं खाते, आज रस्ता करून देऊन राहिली.”

“त्यायले... वाटलं,” काकू म्हणाल्या, “मी गेली.”

पुंडलिकरावांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. जणू पहिल्यांदाच पाहत होते. पांढरं कापड, हार, उदबत्त्या, स्वतःचं धोतर. चेहरा पार उतरला. त्यांनी हार तोडून काढले, उदबत्त्या जमिनीत विझवल्या. इतकी मोठमोठी वजनं उचललेला माणूस, पण त्याचं असं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. हसू माझ्या ओठांवरच थिजलं.

काकूंनी डाव्या हाताने त्यांना जवळ बोलावलं. मला वाटलं समजूत काढतील. पण काकू त्या काकूच.

“मले... इचारलं का?”

“काय?”

“पत्रा, तिरपाल, पांढरं... समद्यायनं ठरवलं. मले... कोनी इचारलं?”

पुंडलिकरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. खरंच कुणी विचारलं नव्हतं. गल्लीतल्या प्रत्येकाचं मत घेतलं होतं, अगदी दूधवाल्याचंसुद्धा.

“सांग मंग,” ते म्हणाले. “कसं पाह्यजे?”

त्यांना ते सांगायला खूप वेळ लागला. मधे मधे दम घेत होत्या, शब्द चुकला की मागे जाऊन पुन्हा धरत होत्या. पक्कं शिवलेलं नको. पडद्यासारखं सरकणारं हवं. लागेल तेव्हा लावता यावं, नको तेव्हा काढता यावं. रंग त्या स्वतः पाहणार. आणि शेवटचं त्यांनी दोनदा म्हटलं, “दोरी आतून. माह्या... या हातात.” आणि डावा हात वर केला.

दुसऱ्या दिवशी पुंडलिकराव पॉवर हाऊसहून तिरपालींचे तुकडे खांद्यावर टाकून आले आणि काकूंच्या बाजेवर पसरले. लग्नाच्या साड्या पाहाव्यात तसा तो कार्यक्रम चालला. काकू तुकडा बोटांत चुरगळून पाहायच्या, नाकाशी न्यायच्या, मला उन्हाकडे धरायला लावायच्या. खाकी दूर सारला, पोलिसांची गाडी वाटते. लाल-पिवळा पट्ट्यांचा पाहून पुंडलिकराव म्हणाले, हा घेऊ, या खेपेला लोक अक्षता टाकतील. काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी तो घाईने बाजूला ठेवला. मेंदीच्या पानासारखा एक हिरवा होता, त्यावर हात थांबला.

“हिरवा उन्हानं लवकर उडते,” पुंडलिकराव म्हणाले. “दोन वर्साच्या वर नाई टिकत.”

“उडला तं... दुसरा घेऊ.”

बाकीचे तुकडे हळूहळू गोळा करून पुंडलिकरावांनी त्यांची घडी घातली आणि हिरवा तेवढा बाजेवर ठेवला.

सरकण्याची करामत मात्र त्यांच्या अखत्यारीतली होती आणि ती त्यांनी प्लांटच्याच मापाने केली. दोन्ही बाजूंना लोखंडी रूळ, त्यात चाकं, वर कप्पी, दोरीऐवजी साखळी. ती चालायची झकास. त्यांनी एका हाताने ओढून दाखवली. मग काकूंची बाज गाडीत ठेवली आणि साखळी त्यांच्या हातात दिली. काकूंनी ओढली. ताडपत्री हलली नाही. पुन्हा ओढली, दात आवळून. मानेची शीर उठली. पुंडलिकरावांनी मदतीला हात पुढे केला तर काकूंनी त्यावर चापट मारली.

“हे... मिल हाय का?” त्या म्हणाल्या. “मले... पडदा पाह्यजे.”

पुंडलिकरावांनी ते सगळं उपसून काढलं. दिवसभर ठोकाठोक चालली. संध्याकाळी मी भाजी घ्यायला बाहेर पडले तर पिकअपच्या हौद्यात काकूंच्या बाजेवर पुंडलिकरावच आडवे पडलेले. उजवा हात गमछाने अंगाशी घट्ट बांधून घेतलेला. डाव्या हाताने ते एक दोरी ओढत होते, सोडत होते, पुन्हा ओढत होते. लोखंडी चाकांच्या जागी पडद्याच्या पितळी कड्या होत्या, रूळ बारीक होते आणि त्यांना मेणबत्तीचं मेण चोळलं होतं. दोन-चार शेजारी जमून गंमत पाहत होते. कुणीतरी म्हटलं, काका, तुम्हालाही झटका आला का? त्यांचं लक्ष नव्हतं. दोरी जरा उंच होती. ते उठले, गमछा सोडला, दोरी खाली घेतली, पुन्हा गमछा एका हाताने आणि दातांनी आवळून बांधला, पुन्हा आडवे झाले. कुशीवर वळून पाहिलं, उताणं होऊन पाहिलं. मी भाजी घेऊन परत आले तरी ते तिथेच होते.

काकू आतल्या खिडकीतून पाहत होत्या. मी त्यांच्याकडे गेले तर मला म्हणाल्या, “बोलू नोको... काई. करू दे.”

पुढच्या खेपेला आम्ही निघालो. त्या दिवशी काकूंनी गाऊनवरून लुगड्याचा पदर घ्यायचा ठरवला होता, तो मी खांद्यावर नीट बसवला, कुंकू लावलं. ताडपत्री घरापासूनच लावलेली. लावली त्यांनीच, सर्रकन. आत सगळं हिरवं हिरवं झालं. हॉस्पिटलात त्या दिवशी व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी काकूंच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडून घेतली, पुष्कळ दुखलं, पण परत फिरताना ‘परवा कितीला यायचं’ असं काकूंनीच विचारलं.

येताना पाळी सुटलेली आणि फाटक बंद.

आत आम्हाला नुसते आवाज येत होते. सायकलच्या घंट्या, खोकला, कुणाचं तरी छत्तीसगढीत भांडण. मग पुंडलिकरावांच्या खिडकीशी एक आवाज थांबला. मराठी. काका, काकूंची तब्येत कशी हाय? पुंडलिकराव म्हणाले, ठीक हाय, चालू हाय इलाज. जेवतात का? जेवते. बोलतात का? थोडं थोडं.

काकूंच्या कपाळाला आठी पडली. त्या ऐकत होत्या. मला वाटलं आता डोळे मिटतील. त्यांनी डावा हात दोरीवर टाकला आणि ओढली.

ऊन एकदम अंगावर आलं. चहूकडून माणसं वाकून पाहायला लागली, तशीच, त्या दिवशीसारखी. पिकअपला टेकून नरहरी उभा होता, काकूंच्या पंगतीला वर्षानुवर्षं जेवलेला. आता कानाजवळ पांढरा झालेला. त्याने काकूंना पाहिलं आणि त्याचं तोंड तसंच झालं, जे पाहून त्या घरी बसल्या होत्या.

“मले इचार ना,” काकू म्हणाल्या. “काकाले... काय इचारतं?”

नरहरी गडबडला. सायकल सावरत म्हणाला, “कशा आहा, काकू?”

“बरी हाय.” त्यांनी दम घेतला. “हात... येऊन राहिला.”

मग नरहरीला कंठ फुटला. त्याच्या मोठ्या मुलीचं जमत आलं होतं, मुलगा बडनेऱ्याचा, रेल्वेत. तो सांगत होता, त्याच्या मागचे आणखी दोघं पुढे झाले, एकाने आपल्या सासूच्या अर्धांगाची हकीकत सुरू केली. काकू एकेकाकडे पाहत होत्या, मधे एखादा शब्द टाकत होत्या. मुलगा शिकलेला किती? घरचं शेत हाय का? हळूहळू त्यांचं बोलणं मागे पडू लागलं, मान उशीवर कलली, कपाळावर घाम आला. आगगाडी धडधडत निघून गेली होती, फाटक वर जायला लागलं होतं, तरी सासूची हकीकत संपत नव्हती.

काकूंनी दोरी उलटी ओढली. हिरवा पडदा त्या माणसाच्या नाकासमोरून सरकत गेला. बाहेरून नरहरीचं हसणं ऐकू आलं.

पुढून पुंडलिकरावांनी ओरडून विचारलं, “लागली का वो नीट? उतरू का मी?”

“तुमी... फाटक पाहा,” काकू म्हणाल्या आणि राहिलेली चार बोटांची फट त्यांनी पुन्हा एकदा दोरीला झटका देऊन मिटवली.